पदवीनंतर पशुवैद्याचा गुरू कोण?

‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या अर्थशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात २०२४ साली भारतातील गिधाडांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्राचा आणि गिधाडांचा संबंध काय, अशी शंका कोणासही येईल. परंतु एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेला हिशेब वाचल्यावर ती शंका उरत नाही. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडांचा वावर भरपूर होता, तेथे ती नाहीशी झाल्यानंतर माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला, आणि २००० ते २००५ या काळात वर्षाला सुमारे १ लाख माणसे अधिक दगावली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या हानीचे पैशातील मोल त्यांनी वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलर इतके धरले आहे. माणसाच्या जिवाची किंमत डॉलरांत करावी काय, हा वाद निराळा. पण ती न केली तर ही हानी कोणाच्याच खात्यावर पडत नाही, हेही तितकेच खरे आहे.

गिधाडे गेली ती एका औषधाने. मेलेले ढोर गावाबाहेर टाकायचे आणि गिधाडांनी ते पाहता पाहता साफ करायचे, ही बिनखर्चाची आरोग्यव्यवस्था देशभर शतकानुशतके चालत आलेली होती. १९९०च्या दशकात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध स्वस्त झाले आणि माणसांबरोबर जनावरांनाही सर्रास टोचले जाऊ लागले. लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या गाईला त्याने आराम पडे. पण उपचारानंतर थोड्याच दिवसांत ते जनावर मेले, तर त्याच्या मांसात राहिलेला औषधाचा अंश गिधाडाची मूत्रपिंडे निकामी करी. हे कोडे पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीतून उलगडले आणि ‘नेचर’च्या २००४ सालच्या अंकातून जगापुढे आले. तोवर फार उशीर झाला होता. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहूनही अधिक घटली. उघड्यावर कुजणारी ढोरे, दूषित होणारे पाणी, वाढलेली भटकी कुत्री आणि त्यांच्यामागून येणारा रेबीज ही त्यापुढची साखळी आहे.

या सर्व प्रकरणात सुई पशुवैद्याच्या हातात होती. पदवी नसलेल्या गावोगावच्या उपचारकांच्याही हातात होती. परंतु पशुवैद्याला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याला शिकवलेल्या औषधशास्त्रात गिधाड कोठेच नव्हते. त्याचा रुग्ण बरा होत होता आणि मालक समाधानाने परत जात होता. प्रश्न दोषाचा नसून पुढचा आहे. २००४ साली जे कळले ते तालुक्यातील दवाखान्यात बसलेल्या माणसापर्यंत कोणत्या वाटेने आणि किती वर्षांनी पोहोचले? केंद्र सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना निर्धोक असा पर्यायही त्याच वर्षी सिद्ध झाला होता. तरीही माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्या जनावरांकडे वळतच राहिल्या, आणि अखेर २०१५ साली त्या औषधाची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्याची पाळी सरकारवर आली. कारखान्यावर घातलेली बंदी हातातल्या सवयीपर्यंत पोहोचण्यास नऊ वर्षेही पुरली नाहीत, असाच याचा अर्थ होतो.

पुस्तकात नसलेला रोग

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अलीकडचे उदाहरण लंपी चर्मरोगाचे. हा रोग १९२९ साली आफ्रिकेतील आजच्या झांबियात प्रथम नोंदला गेला. १९९० साली पदवी घेतलेल्या पशुवैद्याच्या लेखी तो परीक्षेपुरता वाचायचा एक परदेशी रोग होता. २०१९ साली तो ओडिशात दिसला आणि २०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातील गोठ्यागोठ्यांत शिरला. राज्यात २०१९ च्या पशुगणनेनुसार गाई-बैलांची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख. शेळ्यांच्या देवीवरील लस गाईंना टोचायची होती. अंगावर गाठी आलेल्या जनावराला काय द्यायचे, काय टाळायचे, दूध काढावे की वासराला पाजू द्यावे, अशा शेकडो प्रश्नांची उत्तरे त्याच आठवड्यात हवी होती. रोग विषाणूचा आहे, प्रतिजैविकाने तो जाणार नाही. ते द्यायचे तर जखमांतील दुय्यम संसर्गासाठी, हा साधा विवेकही ऐन साथीत सोपा राहत नाही, कारण समोर उभा असलेला शेतकरी इंजेक्शनाशिवाय हलत नाही.

कोलिस्टिनचे उदाहरण याहून गंभीर आहे. कोंबड्यांची वाढ जोमाने व्हावी म्हणून खाद्यात मिसळले जाणारे हे प्रतिजैविक माणसांच्या अतिदक्षता विभागातले शेवटचे अस्त्र आहे. त्याला दाद न देणारा, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा जनुक चीनमध्ये सापडल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले आणि २०१९ साली भारताने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत व पक्ष्यांत त्याचा वापर बंद केला. ज्याने त्याआधी पदवी घेतली, त्याच्या वहीत कोलिस्टिन हे एक उपयुक्त औषध म्हणूनच लिहिलेले असणार. पाच-साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमाने दिलेली शिदोरी पस्तीस वर्षांच्या नोकरीला पुरेल, ही कल्पनाच मुळात कालबाह्य आहे.

येथे बुळकांडीच्या निर्मूलनाची आठवण कोणी देईल. त्या रोगावरील संशोधनासाठी १८८९ साली पुण्यात सुरू झालेली प्रयोगशाळा पुढे मुक्तेश्वरला हलली आणि आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत रूपांतरित झाली. २०११ साली बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. ही कामगिरी परिपत्रके, लस आणि सरकारी शिस्त यांच्या बळावर झाली, हे खरे. पण तेथे रोग एक होता, लस एक होती आणि आज्ञा वरून खाली जाणे पुरेसे होते. आता संशय खालून वर जाण्याची गरज अधिक आहे. एखाद्या दवाखान्यात तीन म्हशी एकाच चमत्कारिक लक्षणाने मेल्या, तर ते कोणाला सांगायचे? शेजारच्या तालुक्यातही तसेच घडते आहे हे कसे कळायचे? शेतकऱ्याने मदत मागण्यासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. डॉक्टरने मदत मागण्याचा क्रमांक कोठेही छापलेला नाही.

माणसांच्या डॉक्टरला हा एकाकीपणा सहसा सोसावा लागत नाही. त्याच्या गावात आणखी चार डॉक्टर असतात, जिल्ह्याला तज्ज्ञ असतो, रुग्ण पुढे पाठवता येतो. अडलेली म्हैस कोठे पाठवणार? राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य असावा असे सुचवले होते. हे प्रमाण गाठले तरीही तो पशुवैद्य पाच हजार जनावरांच्या मध्ये एकटाच उभा असतो. शल्यविशारद तो, सूतिकातज्ज्ञ तो, साथरोगतज्ज्ञ तो आणि पंचनाम्यावर सही करणाराही तोच.

बाजाराने नेमलेला शिक्षक

ज्ञानाची ही पोकळी रिकामी राहत नाही. ती औषध कंपनीचा प्रतिनिधी भरून काढतो. तो नियमाने येतो, नम्रपणे बोलतो, छापील माहिती देतो आणि नव्या औषधाचे नमुने ठेवून जातो. व्याख्यानांचा खर्च, भोजनाचा खर्च पुष्कळदा कंपनीच उचलते. यात प्रत्येक वेळी लबाडी असते असे नव्हे. कंपनीने सांगितलेले पुष्कळदा खरेही असते. परंतु औषध केव्हा देऊ नये, हे शिकवण्यात तिचा काहीच लाभ नसतो, आणि वर सांगितलेल्या तिन्ही उदाहरणांत शिकायचे होते ते नेमके हेच.

मग पशुवैद्याने स्वतःच्या खर्चाने निःपक्ष ज्ञान का विकत घेऊ नये? केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली दाखवून दिले की माहितीचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. तिचे मोल घेणाऱ्याला ती हाती आल्याशिवाय कळत नाही, आणि हाती आल्यावर तिच्यासाठी पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. पशुवैद्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. गिधाडे वाचली याचा लाभ कोणाला? साऱ्या जिल्ह्याला. औषध न टोचल्याबद्दल पशुवैद्याला कोणी फी देत नाही. उलट शेतकरी दुसऱ्याकडे जातो. जेथे लाभ सर्वांचा आणि खर्च एकट्याचा, तेथे ती वस्तू समाजाच्या गरजेपेक्षा कमी खरेदी केली जाते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

अमेरिकेत या अडचणीतून एक वाट निघाली. कॅलिफोर्नियातील पॉल पायन या पशुवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली सिद्ध केले की मांजरांचा एक घातक हृदयविकार त्यांच्या तयार खाद्यातील टॉरिन या घटकाच्या कमतरतेने होतो. उत्पादकांनी तो घटक वाढवला आणि तो विकार जवळजवळ दिसेनासा झाला. याच पायनने १९९१ साली आणखी एका सहकाऱ्यासह पशुवैद्यांना संगणकाने जोडणारी संस्था उभी केली. सभासदांच्या वर्गणीवर ती चालते. सभासद अडलेला रुग्ण मांडतो, विशेषज्ञ उत्तर देतात, अभ्यासक्रमही घरबसल्या पुरे करता येतात. अर्थशास्त्राच्या भाषेत हा एक ‘क्लब’ झाला: खर्च सभासदांचा, लाभ सभासदांचा, आणि औषध विकणाऱ्याला शिक्षकाची खुर्ची नाही.

हा नमुना अनुकरणीय असला तरी जसाच्या तसा उचलता येणार नाही. तेथील पशुवैद्याला वर्गणी परवडते, कारण कुत्र्यामांजरांचे मालक त्याला भरपूर फी देतात. म्हणून तेथील पाठही बहुतांशी कुत्र्यामांजरांचे. पुण्या-मुंबईच्या ज्या पशुवैद्यांकडे असेच रुग्ण येतात, त्यांना त्यांचा उपयोग होतो व ते तो करूनही घेतात. पंढरपुरी म्हैस, उस्मानाबादी शेळी, डोंगराळ भागातली डांगी गाय यांच्यासाठी इंग्रजीत महागडे पाठ कोणी तयार करणार नाही, कारण त्यांचे मालक ग्राहक म्हणून बाजाराच्या दृष्टीस पडत नाहीत. राहिले मोबाइलवरचे गट. त्यांची टवाळी करण्याचे कारण नाही. अडल्या रात्री तेच कामास येतात. पण वासराच्या छायाचित्राखाली दहा जण दहा औषधे सुचवतात तेव्हा त्यांतले कोणते बरोबर, हे सांगणारा जबाबदार माणूस तेथे नसतो, आणि आज मिळालेले चांगले उत्तरही उद्याच्या शुभेच्छांखाली गाडले जाते.

व्यावसायिकांचा परस्परसंवाद ही येथे नवी गोष्ट नाही. ‘इंडियन व्हेटर्नरी जर्नल’ १९२४ साली मद्रासेत सुरू झाले, ते देशभर विखुरलेल्या पशुवैद्यांना एकमेकांचे अनुभव कळावेत म्हणूनच. टपालाने जे महिन्यांनी होई ते आता तासाभरात होऊ शकते. उणीव यंत्राची नाही, उत्तर देणे हे ज्याचे काम आहे अशा माणसाची आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथेही महाविद्यालये आहेत आणि नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० सालापासून त्यांना एकत्र बांधून आहे. विकृतिशास्त्राच्या प्राध्यापकाने दिवसाचा एक तास राज्यभरातून आलेल्या प्रश्नांना मराठीत उत्तर देण्यासाठी राखून ठेवणे, ती उत्तरे रोगवार जपून ठेवणे, आणि हे काम त्याच्या अध्यापनाच्या तासांत मोजले जाणे, एवढ्याने फार मोठा फरक पडेल. खर्चाचा प्रश्न असेल तर दूध संघांनी त्यात वाटा उचलण्यास हरकत नसावी. प्रतिजैविकाचा अंश असलेले दूध परत येते, तेव्हा नुकसान त्यांचेच होते.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ साली झाला. त्यानुसार पशुवैद्याला नोंदणी करावी लागते आणि दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. या पाच वर्षांत काय अभ्यास केला, हा प्रश्न नूतनीकरणाचा गाभा व्हावयास हवा. ब्रिटनमध्ये पशुवैद्याला वर्षाला ३५ तास अभ्यासाची नोंद ठेवावी लागते. तथापि, केवळ सक्ती केली तर काय होते ते शिक्षकांच्या प्रशिक्षणांत सर्वांनी पाहिले आहे. पडदा चालू, माणूस दुसऱ्या खोलीत, आणि अखेरीस प्रमाणपत्र. सक्ती करायची तर आधी सवड द्यावी लागेल. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पशुवैद्य गेला की दवाखान्याला कुलूप लागते, म्हणून वरिष्ठ पाठवत नाहीत आणि शेतकरीही जाऊ देत नाहीत. घरबसल्या अभ्यासाने हा पेच सुटतो असे म्हणतात. तो अर्धाच सुटतो, कारण दिवसभर गोठे फिरून आलेल्या माणसाने रात्री दहानंतर शिकावे, असे त्यात गृहीत धरलेले असते. आठवड्यातील दोन तास कामाच्या वेळेतले, पगारी आणि अभ्यासासाठी राखलेले असावेत. त्या दोन तासांत दवाखान्याच्या दारावर तशी पाटी असावी.

केंद्राने २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक या आणखी दोन वेदनाशामकांचा जनावरांतील वापर बंद केला. कारण पुन्हा तेच, गिधाडे. अधिसूचना राजपत्रात आली आहे. खुरात काटा मोडलेला बैल घेऊन शेतकरी दवाखान्याच्या पायरीशी उभा असतो, तेव्हा कपाटातल्या कोणत्या बाटलीकडे हात जावा, हे त्या राजपत्राखेरीज कोणी समजावून सांगितले आहे काय, याची चौकशी प्रत्येक तालुक्यात करता येण्याजोगी आहे.