आधी रविवार, मग सेवा

१ एप्रिल २०१४ रोजी कंपनी कायद्यातलं १३५वं कलम लागू झालं आणि ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं भाग पडलं. त्याच वर्षी मार्चमध्ये टाटा समूहाने आपल्या कंपन्यांसाठी स्वयंसेवा सप्ताह सुरू केला. तो वर्षातून दोनदा होतो: एकदा संस्थापक जमशेटजींच्या जन्मदिवसाच्या, म्हणजे ३ मार्चच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा ५ डिसेंबरच्या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिनाच्या सुमारास. पुढच्या दहा-अकरा वर्षांत हिंजवडी, खराडी, ऐरोली, वांद्रे-कुर्ला संकुल इथल्या मोठ्या कचेऱ्यांत समाजसेवा वार्षिक वेळापत्रकात जाऊन बसली. पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षारोपण, विसर्जनानंतर किनारा सफाई, मध्येच रक्तदान शिबिर, डिसेंबरात एखाद्या शाळेच्या भिंती रंगवणं. त्याच काळात त्याच कचेऱ्यांत समुपदेशनाची हेल्पलाइन आली, ध्यानधारणेचं ॲप आलं, योगवर्ग आले. दोन्ही गोष्टी मनुष्यबळ विभागाकडेच होत्या, त्यामुळे बघता बघता त्या एक झाल्या आणि स्वयंसेवा हा कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याचा उपाय म्हणून सांगितला जाऊ लागला. या काळाकडे मागे वळून पाहताना माझं मत असं बनलं आहे की सेवेने माणसाला बरं वाटतं हे खरं, पण तिचा वेळ कामातून वजा झाला तरच. थकलेल्या माणसाच्या उरल्यासुरल्या वेळातून काढलेली सेवा त्याचं स्वास्थ्य सुधारत नाही आणि समाजाच्याही फारशी उपयोगी पडत नाही.

आधी वेळ, मग सेवा हा क्रम महाराष्ट्रातल्या कामगार चळवळीला फार आधीपासून ठाऊक होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवलं. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्तानंतर काम नको, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. रविवार हाती यायला १० जून १८९० उजाडला. सुट्टीसाठी लढलेला हाच माणूस पुढे मुंबईत प्लेग आला तेव्हा रुग्णांची सोय लावण्यासाठी धडपडत होता आणि त्याच साथीत फेब्रुवारी १८९७ मध्ये त्यांचं निधन झालं. लोखंड्यांना सेवेची किंमत कळत नव्हती असं कोणी म्हणणार नाही. तरी त्यांनी मालकांकडे मागितले ते तास. ना. म. जोशींचंही तेच. १९११ मध्ये सुरू झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली, पण त्यावर न थांबता जोशी १९२० मध्ये आयटक या कामगार महासंघाच्या स्थापनेत उतरले, कारण दहा-बारा तास उभं राहून आलेला माणूस रात्रशाळेत डोळे उघडे ठेवू शकत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमायला लावले, १९५३ च्या कायद्यातून कामगार कल्याण मंडळ उभं राहिलं. ललित कला भवनं, कामगार नाट्य स्पर्धा आणि गुणवंत कामगार पुरस्कार ही सगळी त्याच व्यवस्थेची देणगी. गुणवंत कामगार निवडताना त्याचं कारखान्याबाहेरचं सामाजिक कामही पाहिलं जातं. ते काम तो करू शकला याला एक कारण होतं: भोंगा झाला की त्याची पाळी संपत असे आणि पुढचा वेळ त्याचा असे.

कचेरीतल्या नोकरीत हा भोंगाच राहिला नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट मोबदला सांगितला. पण व्यवस्थापकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना त्यातून सूट आहे, आणि नव्या कचेऱ्यांत मॅनेजर हे पद फार लवकर मिळतं. २०२० मध्ये टाळेबंदीत काम घरात शिरलं आणि लॅपटॉप मिटण्याची वेळ कुणीच ठरवेना. मे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून एक अंदाज मांडला. आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करण्याशी निगडित पक्षाघात आणि हृदयविकार यांनी २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७,४५,००० माणसं गेली. पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत अशा माणसांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त. २०२४ मध्ये पुण्यात नोकरीला लागून काही महिनेच झालेल्या सव्वीस वर्षांच्या एका सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला आणि तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. तेव्हा काही आठवडे सगळे हळहळले. कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, २०२५ च्या डिसेंबरात त्यांना ते पुन्हा मांडावं लागलं. त्याच्या तीनच महिने आधी राज्य मंत्रिमंडळाने आस्थापनांतली कामाची रोजची मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली होती. म्हणजे स्वास्थ्याच्या उपक्रमांची यादी लांबत गेली आणि कामाचा दिवसही लांबत गेला.

या उपक्रमांनी काय साधलं, याचा पुरावा आता पुरेसा जमा झाला आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून स्वास्थ्य कार्यक्रम देऊ केला. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: वैद्यकीय खर्चात, आरोग्याच्या सवयींत लक्षणीय फरक नाही, आणि असे कार्यक्रम ज्यांना आवडतात ते मुळातच जरा निरोगी असतात. त्याच वर्षी एका मोठ्या विक्री साखळीच्या १६० ठिकाणच्या सुमारे तेहेतीस हजार कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीड वर्षाने लोक व्यायाम जास्त करतो असं सांगत होते, रक्तदाब, साखर आणि गैरहजेरी मात्र जिथल्या तिथे. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. तणाव व्यवस्थापनाचे वर्ग, ध्यानाची ॲपं, झोपेविषयीचं मार्गदर्शन यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्थितीत फरक दिसला नाही. अपवाद एकच निघाला: स्वयंसेवा किंवा धर्मादाय काम करण्याची संधी मिळालेले कर्मचारी थोडे अधिक समाधानी होते.

हा अपवाद कंपन्यांना अर्थातच आवडला. त्यावरचा आक्षेप मात्र नीट ऐकायला हवा. ती पाहणी एका वेळची आहे, त्यामुळे सेवेने माणूस समाधानी झाला की समाधानी माणूसच सेवेला गेला हे तिच्यावरून ठरत नाही. इलिनॉयचा अनुभव पाहता दुसरी शक्यता सोडून देता येणार नाही. म्हणून आकड्याला चिकटून न राहता सेवेत प्रत्यक्ष काय घडतं ते पाहावं. पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ मध्ये तीन तालुके होते, २०१८ मध्ये पंचाहत्तर. १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून जलमित्र जात, त्यांत नोकरदारांचा भरणा मोठा असे. उताराच्या आडव्या समपातळी रेषेत आधीच फक्की टाकून ठेवलेली असते. त्या रेषेवर साधारण दोन फूट रुंद आणि फूटभर खोल चर खणायचा, निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला रचायची. टिकाव मारणारा एक, फावड्याने घमेली भरणारा एक, घमेली पुढे देणारी रांग. उन्हं चढायच्या आत जेवढं होईल तेवढं. दोन तासांनी किती चर झाला हे डोळ्यांना दिसतं, पाऊस पडला की त्यात पाणी थांबणार हे कळतं, आणि चर वाकडा गेला तर तो कुणी मूल्यमापनाच्या रकान्यात लिहून ठेवत नाही, शेजारची बाई सांगते आणि दुरुस्त करून घेते. कामाचा शेवट दिसणं, त्याचा कुणाला तरी उपयोग होतो हे समोर पाहणं, चूक झाली तरी नोकरी न जाणं या तीन गोष्टी त्या माणसाला आठवडाभर मिळालेल्या नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून न करता नोकरीशी निगडित घटना म्हणून केली, ती याच अर्थाने मला महत्त्वाची वाटते. थकव्याचं मूळ कामात आहे. सेवेतून बरं वाटतं ते नोकरीत नसलेलं तिथे भेटतं म्हणून, आणि सोमवारी नोकरी तशीच असेल तर ते बरं वाटणं टिकायचं नाही.

शिवाय त्या चराची दुसरी बाजू आहे. शहरातून माणसं यायची म्हणून गावाने आधी रेषा आखलेल्या असत, अवजारं गोळा केलेली असत, पिण्याच्या पाण्याची आणि सावलीची सोय केलेली असे. स्पर्धाच पंचेचाळीस दिवसांची असल्यामुळे गाव ते निभावून नेई. एखाद्या छोट्या संस्थेकडे एका शनिवारी दोनशे माणसं पाठवली आणि पुन्हा वर्षभर तोंड दाखवलं नाही, तर तिच्या कार्यकर्त्यांचा आठवडा त्यांची सोय करण्यात जातो. वर्सोव्याचा किनारा स्वच्छ होत गेला तो २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांचे सोबती आठवड्यामागून आठवडा येत राहिले म्हणून. संस्थेला खरी गरज हिशेब लावून देणाऱ्याची, माहिती संगणकावर नीट भरणाऱ्याची, आठवीच्या मुलांना सलग सहा महिने गणित शिकवणाऱ्याची असते. यासाठी सातत्य लागतं, आणि सातत्य थकलेल्या माणसाच्या शनिवारवर उभं राहत नाही.

हा वेळ शनिवारवर का ढकलला जातो? एक कारण हिशेबाचं आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं की कर्मचाऱ्यांना समाजकार्यात जरूर सामील करावं, पण त्यांच्या सेवेची पैशांत किंमत करून ती दोन टक्क्यांत दाखवता येणार नाही. निर्णय योग्य होता, नाहीतर कागदावरच्या तासांनी दोन टक्के भरून निघाले असते. पण परिणाम असा झाला की प्रकल्पाचा पैसा ताळेबंदात राहिला आणि माणसाचा वेळ कुठल्याच रकान्यात राहिला नाही. मग तो सुट्टीतून येतो, आणि सुट्टी सगळ्यांना सारखी नसते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटांचा, आणि ज्यांनी हात लावला अशा पुरुषांचं प्रमाण जेमतेम चौथा हिस्सा होतं. शनिवारच्या श्रमदानाला न आलेल्या बाईला उत्साह कमी म्हणणं अन्याय आहे.

कामाच्या वेळेत केलेल्या सेवेला सेवा म्हणायचं का, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो. पगारी वेळेत त्याग कसला? याचं उत्तर कचेरीतल्या रक्तदानात आहे. रक्तपेढीचं पथक कचेरीतच येतं. वजन बघतात, बोटातून थेंब घेऊन हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे ना ते पाहतात, ३५० मिलिलिटर रक्त आठ-दहा मिनिटांत जातं, मग चहा-बिस्किटं आणि थोडा वेळ पडून राहणं. अर्धा-पाऊण तास जातो आणि कोणी त्याची भरपाई मागत नाही. म्हणून त्या रक्ताचं मोल कमी झालं असं कुणी म्हणेल का? २०२० मध्ये कचेऱ्या आणि महाविद्यालयं बंद पडली तेव्हा शिबिरं थांबली आणि मुंबईसह राज्यात रक्ताचा तुटवडा झाला. लोकांची दानत तीच होती, फक्त कामाच्या दिवसातला तो अर्धा तास नाहीसा झाला होता. सेवा टिकते ती अशा ठरवून दिलेल्या वेळेवर, हे इतकं स्पष्ट दाखवणारा दुसरा दाखला माझ्या पाहण्यात नाही.

देश उभारायचा तर तरुणांनी आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास काम करावं असं गेल्या दोन-तीन वर्षांत मोठमोठ्या उद्योगांच्या धुरीणांनी सांगितलं. या म्हणण्यामागची देशाबद्दलची कळकळ मी नाकारत नाही. पण आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आकड्यांनुसार भारतात काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं आधीच आठवड्याला एकोणपन्नास किंवा जास्त तास राबतात, आणि वेळ-वापर पाहणीत विनामोबदला स्वयंसेवा वगैरे कामांत दिसलेली माणसं सुमारे २.४ टक्के होती. मोहल्ला समिती, शाळेची पालकसभा, वाचनालय, रक्तपेढी हीसुद्धा देश उभारणीच आहे आणि तिलाही तासच लागतात. शिवाय ज्या इमारतीतून श्रमदानाच्या बसगाड्या सुटतात, तिच्या दारात कंत्राटी सुरक्षारक्षक बारा तासांच्या पाळीवर उभा असतो आणि सफाई करणारी बाई कंत्राटदाराच्या नावावर असते. स्वास्थ्याच्या ॲपचा पासवर्ड त्यांना मिळत नाही, सेवा सप्ताहाच्या फोटोतही ते नसतात. समाजाकडे जायला निघालेल्या कंपनीला तो समाज आधी आपल्या फाटकावरच भेटतो. त्या दोघांना आठवड्याची सुट्टी, वेळेवर पगार आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो की नाही हे पाहणं कुठल्याही वृक्षारोपणाच्या आधी यायला हवं. लोखंड्यांची यादी त्यांच्यासाठी आजही जशीच्या तशी लागू आहे.

म्हणून पुढच्या स्वयंसेवा सप्ताहाची मेल येईल तेव्हा त्यात नाव जरूर नोंदवा, पण त्याखाली एक प्रश्न लिहून पाठवा: या तासांच्या बदल्यात माझ्याकडचं कोणतं काम पुढे ढकललं आहे? आणि मनुष्यबळ विभागात बसून हे वाचणाऱ्यांना विनंती आहे की त्या प्रश्नाला तारीख आणि तास घालून लेखी उत्तर द्या.