टपालातील चित्र आणि चित्रकाराची भाकर

दयेपोटी घेतलेले शुभेच्छापत्र आणि आवडले म्हणून घेतलेले शुभेच्छापत्र यांची किंमत एकच असली, तरी अर्थ एक नव्हे. बालपणी पोलिओने हात निकामी झालेले जर्मन चित्रकार एरिक श्टेगमान तोंडात कुंचला धरून चित्रे काढीत. त्यांनी हा भेद ओळखला. 1957 च्या सुमारास लिख्टेनश्टाइनमध्ये त्यांनी अशा चित्रकारांची संघटना उभारली. तिची कार्डे टपालाने घरोघर जातात, मुंबईतूनही. न मागता आलेल्या पाकिटाविषयी काहींच्या मनात अढी असते. ती अगदीच गैरवाजवी नाही. परंतु आजार बळावून कुंचला सुटला, तरी पूर्ण सभासदाचे मानधन थांबत नाही, ही बाब अधिक मोलाची. सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्रात किती हस्तकला संस्थांच्या पोटनियमांत असे कलम आहे?