बुळकांडी आणि गोवर

गावात बुळकांडीची साथ आली, की पूर्वी शेतकऱ्याच्या काळजात धस्स होई. हा गाई-म्हशींचा रोग. जनावराला प्रथम ताप भरे, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहू लागे, तोंडात व्रण पडत आणि अखेर जुलाबांनी क्षीण होऊन ते प्राण सोडी. ज्याची बैलजोडी गेली, त्याचा नांगर थांबे. १८८७ च्या सुमारास ही साथ आफ्रिकेत शिरली, तेव्हा इथिओपियात शेतीला बैल उरले नाहीत आणि दुष्काळात असंख्य माणसे अन्नावाचून मेली.

या रोगाचे कारण एक विषाणू होता. विषाणू इतका सूक्ष्म असतो, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. मुलांना होणाऱ्या गोवराचा विषाणू या बुळकांडीच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद आहे. माणूस गुरे पाळून त्यांच्या सान्निध्यात राहू लागला, तेव्हा गुरांच्या अशाच एका विषाणूपासून गोवराचा विषाणू निपजला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. आता मात्र गोवर गुरांपासून होत नाही. तो माणसाकडून माणसाला होतो.

बुळकांडीसारख्या रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा निघाली. १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. पुढे १९६० च्या सुमारास वॉल्टर प्लोराइट या शास्त्रज्ञाने केनियात उत्तम लस सिद्ध केली. वासराच्या मूत्रपिंडातील पेशींमध्ये विषाणू पुनःपुन्हा वाढवून त्याने त्याचा जोर नाहीसा केला. ही लस एकदा टोचली, की जनावराला दीर्घकाळ संरक्षण मिळे. लस टोचणारे गावोगाव हिंडले. २००१ साली केनियात या रोगाची शेवटची नोंद झाली आणि २०११ साली तो जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसरा रोग होय.

हे कसे साधले? हा विषाणू जनावराच्या शरीराबाहेर फार काळ तग धरीत नसे. लस टोचलेल्या जनावरांत त्याला थारा मिळेना. तेल संपताच दिवा विझतो, तसा तो विझला.

गोवरावरही १९६३ पासून लस आहे. तिच्या दोन मात्रा बालकाचे रक्षण करतात. तरीही लस न मिळालेली अनेक बालके दरवर्षी गोवराने दगावतात. गोठ्यातल्या वासराला जे संरक्षण मिळाले, ते घरातल्या बाळाला मिळू नये काय?