बोली बिल्ल्यांची, कसोटी सचोटीची

पैसा मध्ये न आणता लिलाव करता येईल का, असे विचारले तर बहुतेक जण नकारार्थी मान हलवतील. लिलाव म्हटला की चढत जाणारी रक्कम, शेवटची बोली आणि हातोड्याचा ठोका हेच चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु छातीवर, टोपीवर किंवा गळ्यातील पट्ट्यावर लावायचे धातूचे छोटे रंगीत बिल्ले जमविणाऱ्यांच्या जगात असा बिनपैशाचा लिलाव इंटरनेटवर चालतो. एक संग्राहक आपल्याकडील बिल्ल्याचे छायाचित्र मांडतो. त्याच्या बदल्यात आपण कोणते बिल्ले देऊ, हे इतर जण सांगतात. मुदत संपली की मांडणारा त्यांतील एक देकार स्वीकारतो. हा विनिमय-लिलाव होय. त्यात ना दलाल असतो, ना सरकारी देखरेख. तो चालतो केवळ रीतिरिवाजावर आणि दिलेल्या शब्दावर.

या छंदाचे मूळ ऑलिंपिकमध्ये सापडते. १८९६ च्या अथेन्स स्पर्धेत खेळाडू, पंच व अधिकारी यांना ओळखीसाठी पुठ्ठ्याच्या चकत्या देण्यात आल्या होत्या. पुढे धातूचे बिल्ले आले आणि सदिच्छेची खूण म्हणून त्यांची देवाणघेवाण होऊ लागली. १९८० च्या दशकात प्रेक्षकही तीत हिरिरीने उतरले. १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये तर कोका-कोला कंपनीने अदलाबदलीसाठी स्वतंत्र केंद्रच उघडले. १९९९ मध्ये डिस्नेने फ्लोरिडातील आपल्या उद्यानात ही प्रथा सुरू केली आणि छंदाला मोठा विस्तार मिळाला. तेथील नियम सोपा आहे. कर्मचाऱ्याच्या गळ्यातील पट्ट्यावरचा बिल्ला पाहुण्याला आवडला, तर अस्सल डिस्ने बिल्ला देऊन तो घ्यायचा. एकास एक, पैशाविना. त्या व्यवहारात कोणाचा तोटा होण्याचा प्रश्न नसतो, कारण कर्मचाऱ्याचा बिल्ला उद्यानाचाच असतो. दोन संग्राहक समोरासमोर आले, की मात्र गोष्ट बदलते.

भाव नसलेला बाजार

वस्तुविनिमयातील मुख्य अडचण इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७५ मध्ये नेमकेपणाने मांडली. माझ्याकडे आहे ते तुम्हाला हवे आणि तुमच्याकडे आहे ते मला हवे, असा दुहेरी योग जुळून आल्याशिवाय अदलाबदल होत नाही. विनिमय-लिलाव हा योग जुळविण्याचा मार्ग आहे. एकाने वस्तू मांडली की अनेक जण आपापल्या वस्तू घेऊन पुढे येतात.

तथापि येथे ‘सर्वांत मोठी बोली’ अशी गोष्टच नसते. समजा, एकाने केवळ ५०० नगांत निघालेला बिल्ला मांडला. पहिल्याने त्याबदली ३०० नगांच्या आवृत्तीतील एक बिल्ला देऊ केला, दुसऱ्याने साधे पण चांगले दहा, आणि तिसऱ्याने मांडणाऱ्याच्या अपुऱ्या मालिकेतील नेमका राहिलेला एकच. यांतील मोठा देकार कोणता? बाजारात तिसऱ्याची किंमत कदाचित सर्वांत कमी असेल. पण मांडणाऱ्याने तोच स्वीकारला तर त्याला अन्याय म्हणता येणार नाही. जेथे भाव सर्वमान्य नसतो तेथे न्याय निकालात शोधून सापडत नाही. तो रीतीत शोधावा लागतो.

म्हणूनच या व्यवहारातील शिष्टाचार ही वरवरची सभ्यता नव्हे. आपल्याला काय हवे, कोणत्या मालिका वा पात्रे आवडतात, मुदत केव्हा संपेल, मनासारखा देकार न आल्यास बिल्ला ठेवून घेण्याचा हक्क राखला आहे काय, हे मांडणाऱ्याने आरंभीच सांगावे, अशी अपेक्षा असते. देण्याचा इरादाच नसताना केवळ आपल्या बिल्ल्याचे मोल अजमावण्यासाठी लिलाव मांडणे, हे मोठे गैरवर्तन होय. देकार देणाऱ्यावरही बंधने आहेत. जो बिल्ला प्रत्यक्ष हाती आहे तोच देऊ करावा. एकच बिल्ला दोन लिलावांत गुंतवायचा असेल तर तसे उघड सांगावे. दुसऱ्याच्या देकाराची टवाळी करू नये. लिलाव चालू असताना त्यातील एखाद्याला खासगीत गाठून परस्पर सौदा जमविणे, हेही शिष्टसंमत नाही.

शेवटच्या क्षणाचा प्रश्न

मुदत हा वादाचा दुसरा विषय. निश्चित क्षणी संपणाऱ्या लिलावात अखेरच्या काही सेकंदांत बोली लावून इतरांना उत्तराची संधीच न देण्याची युक्ती जुनी आहे. अर्थतज्ज्ञ ॲल्विन रॉथ व ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ई-बे आणि ॲमेझॉन यांच्या त्या काळच्या लिलावांची तुलना केली. ई-बेवर वेळ ठरलेली होती. ॲमेझॉनवर अखेरच्या दहा मिनिटांत बोली आली तर मुदत आपोआप पुढे सरकत असे. ॲमेझॉनवर शेवटच्या क्षणीच्या बोली बऱ्याच कमी आढळल्या. माणसे तीच, नियम बदलताच वागणूक बदलली. विनिमय-लिलावातही हा उपाय लागू पडतो. मुदत सांगताना कोणत्या देशाची वेळ, हेही सांगणे अगत्याचे. न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्यात ऋतूनुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर असते.

कायदा आणि रिवाज

भारतीय कायद्याशी तुलना केल्यास या रिवाजाचे वेगळेपण ध्यानात येते. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या ६४ व्या कलमानुसार हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. तसेच विक्रेत्याने खोट्या बोली लावून किंमत चढवली तर खरेदीदाराला व्यवहार रद्द करता येतो. पण हे कलम पैशाच्या बदल्यात होणाऱ्या विक्रीचे आहे. निव्वळ अदलाबदलीचा विचार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्वतंत्रपणे केलेला आहे. खोट्या बोलीबाबत संग्राहकांचे मत कायद्यासारखेच आहे. देकार मागे घेण्याबाबत मात्र ते कायद्याहून कठोर आहेत. कारण उघड आहे. एकाच्या देकारावर विसंबून मांडणारा दुसऱ्याला नकार देतो आणि मग पहिला पाय मागे घेतो. अशा वेळी नुकसान दोघांचे होते, आणि काही बिल्ल्यांसाठी कोर्टाची पायरी कोणी चढत नाही.

खरी जोखीम लिलाव संपल्यावर सुरू होते. पाकीट आधी कोणी पाठवायचे? नवख्याने आधी, अनुभवी व्यक्तीने नंतर, असा एक संकेत आहे. दोघांनी एकाच दिवशी पाठवून पोचपावतीचा क्रमांक कळविणे अधिक न्याय्य. त्यात नकली मालाची भर पडते. कारखान्यात बाद ठरलेले किंवा सरळ नक्कल केलेले बिल्ले मोठ्या प्रमाणात फिरत असतात. रंगातील खळगे, खडबडीत कडा, मागील बाजूचे अस्पष्ट ठसे या त्यांच्या खुणा छायाचित्रात सहज दिसत नाहीत. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की मालाचा कस केवळ विकणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. म्हणून दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे देणे आणि ओरखडा असल्यास तो आपणहून सांगणे, याला येथे सौजन्यापेक्षा अधिक मोल आहे.

या सर्वांत दुबळा असतो तो नवशिका, विशेषतः मूल. आपल्या हातातील दुर्मीळ बिल्ल्याचे मोल त्याला ठाऊक नसते. जाणत्याने गप्प राहून तो साध्या बिल्ल्याच्या बदल्यात घेतला, तर नियम मोडत नाही. परंतु न्याय मोडतो. अशा वेळी आधी माहिती द्यावी आणि मग देकार द्यावा, हीच चांगली रीत. एक बिल्ला हातचा गेला तरी चालेल. पण फसवला गेलेला नवशिका छंद सोडून जातो, आणि त्याच्याबरोबर उद्याच्या देवाणघेवाणीचा एक जोडीदारही जातो. बिल्ल्यांची आवृत्ती मर्यादित असते. भरवशाची आवृत्ती त्याहूनही मर्यादित असते.