पंधरा ऑक्टोबरचा ताळेबंद

एप्रिल लागला की वर्तमानपत्रात रोज एक छोटी चौकट दिसू लागते. धरणांची नावे, त्यांपुढे टक्के, आणि शेजारी गेल्या वर्षी याच दिवशी किती होते तो आकडा. मराठवाड्यातला माणूस आधी जायकवाडी पाहतो, नगरचा भंडारदरा आणि मुळा, नाशिकचा गंगापूर आणि दारणा. सोन्याचा भाव पाहावा तसे. आकडा खाली गेला की घराघरांत चर्चा सुरू होते. आणखी एक टाकी घ्यावी का, नळ किती दिवसांआड येईल, मे महिन्यात लेकीला आणि नातवंडांना बोलवावे की नाही. मृगाचे ढग दिसले की चौकटही जाते आणि चर्चाही.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. आकड्यांच्या चौकटी वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे एक सांगतो. एप्रिलमधली ती चौकट म्हणजे खाते रिकामे होत आल्यावर हातात पडलेले पासबुक. रक्कम कुठे गेली, कोणी काढली, हे तेव्हा फक्त वाचता येते. त्यावर काही करण्याची वेळ टळून गेलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्याचे पाणी ठरते ते १५ ऑक्टोबरला.

पाटबंधारे खात्याचे वर्ष १ जुलैला सुरू होते. १४ ऑक्टोबरपर्यंत खरीप, १५ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर रब्बी, आणि १ मार्च ते ३० जून उन्हाळी हंगाम. पाऊस परतीला लागलेला असतो, धरणात यायचे ते आलेले असते. त्या दिवशीचा साठा ही वर्षभराची जमा. त्यातून पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, तेही पुढचा पाऊस लांबला तर काय या भीतीसकट. मग शेती आणि कारखाने. शेतीला रब्बीत किती आवर्तने, उन्हाळ्यात किती, की उन्हाळ्यात एकही नाही, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. बैठकीला मंत्री, आमदार, अभियंते, पाणी वापर संस्थांचे लोक असतात. बैठक बहुधा दिवाळीच्या आगेमागे होते, त्यामुळे फराळाच्या गडबडीत तिची बातमी आतल्या पानावर जाते. वर्षातली सगळ्यात महत्त्वाची बातमी आपण चकलीच्या तेलकट बोटांनी उलटून टाकतो.

आता त्या टक्क्यांविषयी. जायकवाडीत 'शून्य टक्के' म्हणजे धरण कोरडे नव्हे. पैठणच्या या धरणाची पूर्ण साठवण सुमारे १०२ टीएमसी. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. त्या १०२ पैकी ७६ टीएमसीच्या वर उपयुक्त साठा आणि तळाचा २६ टीएमसी मृत साठा. टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे. आमच्या भाषेत मृत साठा म्हणजे किमान शिल्लक, जिला हात लावायचा नसतो. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत ती वेळही आली. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि अनेक गावे त्या तळाच्या पाण्यावर जगली.

धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे, आणि पूर्ण भरल्यावर सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरणारे पाणी. पैठणला गेलेल्यांनी नाथसागर पाहिला असेल. पलीकडचा काठ दिसत नाही. मन भरून येते खरे, पण हाच पसारा या धरणाचे दुखणे आहे. सपाट मुलखातले धरण, त्यामुळे पाणी पसरले भरपूर आणि खोली बेताची. घरात करून पाहा. तेवढेच पाणी परातीत ओता आणि तेवढेच कळशीत, आणि दोन्ही गच्चीवर उन्हात ठेवा. संध्याकाळी परात सांगेल. सह्याद्रीच्या घळीतले भंडारदरा ही कळशी. जायकवाडी परात.

मे महिन्यात मराठवाड्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला आठ मिलिमीटरचा थर उडतो असे धरा. उन्हाळ्यात आक्रसलेला पसारा दोनशे चौरस किलोमीटर धरा. कागद-पेन्सिल घेऊन गुणाकार केला तर दिवसाला १६० कोटी लिटर पाणी कुणाच्या घशाखाली न जाता आकाशात जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी गेली, तेव्हा देशभर तिची छायाचित्रे झळकली. पन्नास वाघिणींच्या एका गाडीत २५ लाख लिटर पाणी मावत असे. १६० कोटी लिटर म्हणजे अशा ६४० गाड्या. रोज.

म्हणजे हे असे खाते आहे की रक्कम जितकी जास्त दिवस ठेवावी तितकी ती घटते. बँकेत असे खाते कोणी उघडणार नाही. त्यामुळे अभियंत्यांचा कल पाणी रब्बीतच वापरून टाकण्याकडे असतो. डिसेंबरच्या थंडीत ज्वारी-हरभऱ्याला एक पाळी जितक्या एकरांना पुरते, तितक्याच पाण्यात मे महिन्यात निम्मे एकर भिजणेही अवघड. कालव्याची माती तापलेली, वारा कोरडा, पीक तहानलेले. पण सगळे रब्बीत उधळावे तर जूनमध्ये प्यायचे काय? ठेवले तर उडते, वापरले तर संपते. धरण चालवणाऱ्या माणसाची उन्हाळ्यात झोप का उडते ते एवढ्यावरून कळावे. या लोकांना आपण शिव्याच फार देतो. असो.

मी या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना नोकरी केली. १९८८ ते ९१ परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेवटाकडल्या एका शाखेत. आणि पुढे १९९७ नंतर प्रवरेच्या काठी, नगर जिल्ह्यात.

डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. वरच्या गावांत पाणी आठवडाभर आधी पोचते, मोटारी कालव्यात बसतात, चाऱ्यांची दारे रात्री कोणी उचलतात, आणि शेवटच्या गावाला उरेल ते. नियम उलटा आहे. पाणी आधी शेपटाला द्यायचे आणि मग वर यायचे. पाळी याद्यांप्रमाणे लागते, तिला शेजपाळी म्हणतात, आणि सात नंबरचा अर्ज भरून पाणी मागावे लागते. आमच्या शाखेचे कर्जदार अर्ज चोख भरत. उन्हाळी भुईमुगाला कर्ज घेत. जानेवारी-फेब्रुवारीत पेरा, आऱ्या जमिनीत उतरल्या की पाण्याची निकड, आणि शेंगा भरताना शेवटची एक पाळी. ती आली तर पोती, न आली तर जनावरांना पाला. एका वर्षी आवर्तन जाहीर झाले, वर्तमानपत्रात छापून आले, आणि पाणी आमच्या चारीच्या तोंडापर्यंत आलेच नाही. वसुलीला गेलो तेव्हा एका शेतकऱ्याने मूठभर वेल उपटून टेबलासारखा माझ्यापुढे पसरला. शेंगा होत्या, पण पोचट. "साहेब, आमच्याकडं पाणी बातमीतच येतं," म्हणाला. रागावलेला नव्हता. त्याच्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले होते, ते पुढे ढकलले गेले. आमच्या वहीत ती एक थकबाकी झाली.

प्रवरेच्या काठी गेलो तेव्हा दुसरी बाजू ऐकली. तीही खरी आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. तिथल्या शेतकऱ्याचा आजोबा पाटाचे पाणी पीत होता, पैठणच्या धरणाचे तेव्हा नावही नव्हते. "घरातलं पोर उपाशी ठेवून शेजाऱ्याला जेवू घालायचं का?" असे मला एका चहाच्या टपरीवर विचारले गेले. शिवाय परातीचा मुद्दा त्यांना पाठ असतो. तिकडे उडून जाणारे पाणी सोडायचे कशाला?

याला उत्तर आहे. जायकवाडीच्या आसपासचा मुलूख पर्जन्यछायेतला. धरण भरते ते नाशिक-नगरच्या घाटमाथ्यावरच्या पावसाने, आणि त्या पाण्याच्या वाटेवर आधी वरची धरणे भरतात. वरच्यांनी हात आखडला की खालच्याचे धरण नुसते मैदान. एका नदीच्या खोऱ्यात तूट आली तर ती सर्वांनी वाटून घ्यावी, असे २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने म्हटले. २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्याला आकडा दिला. खरिपाचा वापर जमेस धरून १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरला, तर वरून पाणी सोडायचे. उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले.

नियम झाला तरी भांडण राहिलेच. २०१५, २०१८, २०२३, प्रत्येक वेळी मोर्चे, रास्ता रोको, कोर्टकचेऱ्या. २०२३ मध्ये साडेआठ टीएमसी सोडण्याचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला आणि पाणी प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. या तीन-चार आठवड्यांची किंमत नदी वसूल करते. ऑक्टोबरात गोदावरीचे पात्र ओले असते. ते वाळले की सोडलेले पाणी आधी वाळू पिते, मग काठच्या विहिरी पितात, मग डोह भरतात, आणि उरलेले पुढे सरकते. नांदूर मधमेश्वर, कोपरगाव, आणि तिकडून प्रवरा-मुळेचे पाणी प्रवरासंगमाला येऊन मिळते. वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर पाणी तिथेच थबकते. काठच्या मोटारींची वीज तोडावी लागते. बंदोबस्ताला पोलीस. नदीत पाणी सोडायचे आणि त्याच्यावर पहारा ठेवायचा! वरच्याने दिलेले आणि खालच्याला मिळालेले यांतला फरक दोघेही एकमेकांच्या नावावर टाकतात.

या भांडणात एक तिसरा गडी कायम गप्प बसून जेवत असतो. ऊस. वरही आहे आणि जायकवाडीच्या कालव्यावरही आहे, हे दोन्हीकडचे पुढारी एकमेकांना सांगतात आणि दोघेही खरे बोलतात. बाराही महिने शेतात उभे राहणारे पीक म्हणजे एप्रिल-मेचे पाणी त्याच्या नावे आधीच राखून ठेवल्यासारखे. तो इतका का वाढला याची कारणे पुष्कळ सांगतात, त्यात एक बँकेच्या काउंटरमागून दिसणारे आहे. भुईमुगाचे कर्ज वसूल करायला अधिकारी बांधावर जातो. उसाचे कर्ज कारखाना बिलातून कापून बँकेत भरतो. कोणत्याही व्यवस्थापकाला विचारा, तो कोणत्या पिकाला हसून कर्ज देईल? पाण्याचे धोरण मंत्रालयात ठरते हे खरे, पण त्यातला बराच भाग गावोगावच्या शाखांतल्या अर्जांवर मंजुरीचे शिक्के पडताना ठरून जातो.

निवृत्तीनंतर एका कादंबरीसाठी साहित्य जमवत धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फिरलो. फड पद्धतीविषयी वाचले होते, तिथे तिचा अर्थ कळला. नदीवर ओळीने बंधारे, तीनचारशे वर्षांपूर्वीचे म्हणतात. प्रत्येक बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, आणि उसाचा फड दरवर्षी फिरता. पाणी पाटकरी देणार, घरच्या मालकाने दार उचलायचे नाही. पाऊस कमी झाला तर गाव बसून ठरवते, यंदा एक फड कोरडा. आता खरी गंमत पाहा. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. एक फड सोडला की जवळजवळ सगळ्यांचेच थोडे जाते, एकट्या शेवटच्याचे सगळे जात नाही. आज तिथेही विहिरी आणि पंप आले, पुष्कळ फड मोडले. विश्वेश्वरय्यांची नोकरी मुंबई इलाख्यात याच भागात सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, तीतही एका ब्लॉकात उसाला ठरावीकच हिस्सा होता. पांझरेने त्यांना काही शिकवले असेल का, असे मला तिथे उभा असताना वाटले.

गोदावरीचे खोरे म्हणजे एक बंधारा नव्हे, हे मला कळते. नाशिकच्या द्राक्षवाल्याची जमीन परभणीत असणार नाही. पण तूट आली की कोणाचा किती हिस्सा कोरडा राहणार, ते पाऊस चालू असतानाच लिहून ठेवता येते, आणि १५ ऑक्टोबरचा आकडा हाती पडताच पात्र ओले असेपर्यंत पाणी सोडता येते. त्यासाठी भरलेले वर्ष चांगले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुराने शेते खरवडून नेली, तेव्हा टंचाईचा 'ट' काढणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढले असते. भांडणाचा विषय कोणाच्याच दारात उभा नसतो, तेव्हाच तो शांतपणे बोलता येतो.

परभणीकडच्या त्या शेतकऱ्याशी माझा पत्रव्यवहार राहिला. आता मुलगा शेती पाहतो, पत्राची जागा फोनने घेतली. दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन येतो. ख्यालीखुशाली होते, आणि मग तो विचारतो, "साहेब, नाथसागर किती भरला? समितीनं उन्हाळी पाळी धरली का?" मी पेपरात आलेले असेल ते वाचून दाखवतो. तो तिकडे पाटबंधाऱ्याच्या कचेरीतही विचारून आलेला असतो, दोन्ही आकडे जुळतात का ते पाहतो. भुईमुगाचे बी त्यानंतर आणतो. दोन पाळ्यांची खात्री नसेल त्या वर्षी हरभऱ्यावर भागवतो आणि रान तसेच उन्हाळ्याला सोडून देतो.