कचऱ्याचा डबा खडीत का अडतो?

११०० लिटरच्या कचऱ्याच्या डब्याला सहसा २० सेंटिमीटर व्यासाची चाकं असतात. फरशीवर ती सुरळीत पळतात, खडीत मात्र अडतात. ३ सेंटिमीटरचा दगड आडवा आला, तर आसाच्या उंचीवर ओढून असं चाक वर चढवायला त्यावरच्या वजनाइतकाच जोर लागतो. चाक ४० सेंटिमीटरचं केलं, की तोच जोर सुमारे ६२ टक्क्यांवर येतो. म्हणूनच खडबडीत जागी डबा हलवणाऱ्या ट्रॉलीला मोठी, रुंद, हवा भरलेली चाकं हवीत. रुंद टायर भार पसरवतो, त्यामुळे चाक कमी रुततं. आतली हवा धक्के पचवते. दुचाकी ट्रॉलीत भार आसाच्या बरोबर वर आला, तर हातांवरचं ओझंही उतरतं. प्रश्न सफाई कामगारांच्या कमरेचा आहे. चाकांत काटकसर नकोच.