वारं कुठून गेलं?

हिंगोलीकडच्या सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या गावांत माणसाचं अर्धं अंग लुळं पडलं की बायाबापड्या म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ लकवा, पॅरालिसिस हे शब्दही सगळ्यांना माहीत आहेत, पण तोंडी पहिल्यांदा येतं ते वारंच. हा शब्द फार लांबून आलेला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला 28वा अध्याय वातव्याधींचा. वायू शरीराची उजवी किंवा डावी बाजू मारतो आणि वाचाही अडवतो, असं तिथे सांगितलं आहे. निरीक्षण चोख आहे. अंग एकाच बाजूचं जातं, झटक्यात जातं, आणि पुष्कळदा बोलणंही सोबत नेतं. चुकतो तो पत्ता.

माझ्या वडिलांच्या चुलत्यांना, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एका पहाटे असंच झालं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. पहिला सबंध दिवस मालिशीत गेला. दुपारी कोणीतरी कबुतर आणलं, त्याचं रक्त उजव्या दंडाला आणि मांडीला चोळलं. हे करणारी माणसं आबांवर जीव टाकणारी होती. वारं अंगावरून गेलं म्हटल्यावर उपचार अंगावरच होणार. बिघाड डोक्यात, तोही डाव्या बाजूला झालाय, हे त्या शब्दात कुठेच नव्हतं.

मेंदू आपल्याकडे पाहिलेला असतो तो खाटकाच्या दुकानात. बकऱ्याच्या भेज्यावर ज्या वळ्या दिसतात, तेच प्रमस्तिष्काचं बाह्यक, म्हणजे मोठ्या मेंदूची साल. माणसात ही साल जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर जाड असते. पण ती उलगडून पसरली तर सुमारे 2000 ते 2500 चौरस सेंटिमीटर भरते, खांद्यावरच्या एखाद्या दस्तीएवढी. कवटीत मावावी म्हणून ती चुरगळून बसवलेली, आणि तिचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग घड्यांच्या आत दडलेला. माणसाच्या मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 16 अब्ज या सालीत राहतात. बहुतेक ठिकाणी त्यांचे सहा थर असतात, पण थरांची जाडी जागोजाग बदलते. जर्मन शास्त्रज्ञ कोर्बिनियान ब्रॉडमान यानं सूक्ष्मदर्शकाखाली हे फरक टिपले आणि 1909 साली सालीचा नकाशा छापला. त्यानं तुकड्यांना दिलेले क्रमांक, अगदी जमिनीच्या गट नंबरांसारखे, डॉक्टर आजही वापरतात.

त्यातला एक पट्टा नीट पाहण्यासारखा आहे. कवटीच्या माथ्यापासून कानाकडे उतरणारी एक खोल घळ असते. तिच्या पुढचा पट्टा स्नायूंना हुकूम देतो, मागचा स्पर्श जाणतो. पुढच्या पट्ट्यावर शरीर जणू उलटं टांगलेलं आहे. पाय सर्वांत वर, मधल्या फटीत आत वळलेला. त्याच्या खाली धड, मग हात, आणि कानाच्या बाजूला चेहरा, ओठ, जीभ. मॉन्ट्रियलचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्रे यांनी 1937 साली हा नकाशा प्रसिद्ध केला. खुद्द मेंदूला वेदना होत नाही, म्हणून रुग्ण जागा असताना सालीला हलकी वीज लावून कुठे काय हलतं ते त्यांना पाहता आलं. नकाशावर ज्याला जेवढं बारीक काम, तेवढी त्याची जागा. पाठीला पट्टी, अंगठ्याला आणि ओठांना मळाच्या मळा. हुकमाच्या बहुतेक तारा मेंदूच्या देठात एकमेकींना ओलांडून पलीकडे जातात, त्यामुळे उजव्या अंगाचा कारभार डाव्या सालीतून चालतो.

आता धरणाकडे वळतो, कारण पुढचं मला तिथेच समजलं. पूर्णेवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. येलदरीतून सोडलेलं पाणी सिद्धेश्वरात येतं आणि तिथून कालव्यांनी वसमतकडच्या हळदीला, उसाला, गव्हाला जातं. कालवा, वितरिका, चारी अशी त्याची उतरंड. पाळी चालू असताना कोणाचं रान कोरडं राहिलं हे कळलं की पाटकरी जागेवरूनच सांगतो, अमुक चारी तुंबली. मेंदूरोगाचा डॉक्टर हेच करतो. तोंड वाकडं झालं, हात पडला, वाचा गेली, पण पाय थोडाफार हलतोय, असं दिसलं की तो ओळखतो की डाव्या बाजूची मधली धमनी अडली. चेहरा, हात आणि बोलणं सालीवर शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांना पाणी पाजणारा कालवा एकच आहे. पायाचं रान वर, दुसऱ्या धमनीवर. तोंड, हात आणि बोलणं ही झटका ओळखायची तीन लक्षणं जगभर शिकवतात, त्यांची सांगड अशी जमलेली आहे.

बोलण्याची जागा सापडली ती 1861 साली पॅरिसमध्ये. लेबोर्न्य नावाच्या रुग्णाला समोरच्याचं समजायचं, पण त्याच्या तोंडून ‘टां’ एवढंच निघायचं. तो गेल्यावर पॉल ब्रोका यांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या ललाटखंडाचा मागचा, खालचा भाग नासलेला आढळला. 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसरी जागा दाखवली, डाव्या शंखखंडात, कानाच्या वर मागच्या बाजूला. ती बिघडली तर माणूस अखंड बोलतो, पण शब्दांना अर्थ राहत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही उमगत नाही. गावात अशा माणसाला ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणतात, आणि त्याचा हात-पाय हलत असेल तर झटक्याची शंकासुद्धा कोणाला येत नाही. मात्र या जागा म्हणजे कुलूपबंद खोल्या नव्हेत. लेबोर्न्यचा मेंदू पॅरिसमध्ये जतन केलेला आहे. त्याचं एमआरआय करून 2007 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा इजा ब्रोकांना दिसली त्याहून बरीच खोल गेलेली निघाली. वाचा जाते ती जागेमुळे आणि जागांना जोडणाऱ्या तारांमुळेही.

उजव्या सालीचा झटका अधिक फसवा, असं मला वाटतं. मागच्या पश्चकपालखंडात दृष्टी, शंखखंडात ऐकणं, चेहरे आणि नावं, कपाळामागे बेत आणि संयम, हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. उजव्या पार्श्वखंडाचं कोणी सांगत नाही. तो गेला की डाव्या बाजूचं जगच नाहीसं होतं. माणूस ताटातली उजवीकडची अर्धी भाकरी खातो, डावीकडची तशीच ठेवतो, आणि भूक राहिली म्हणतो. डावा हात लोंबत असताना ‘मला काय झालंय? काहीच नाही,’ असं ठामपणे सांगतो. तो खोटं बोलत नसतो. बिघाडाची जाणीव ठेवणारा भागच बिघडलेला असतो. फ्रेंच वैद्य बाबिन्स्की यांनी 1914 साली या अवस्थेला वेगळं नाव दिलं. घरातलं मोठं माणूस असं ठामपणे म्हणालं की आपल्याकडे त्याचा शब्द मोडत नाहीत, आणि तिथेच वेळ जातो.

वेळेचा हिशोब कठोर आहे. मेंदू शरीराच्या वजनाचा 2 टक्के, पण ऑक्सिजन खातो 20 टक्के, आणि साठा काहीच ठेवत नाही. मोठी धमनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज जेफ्री सेव्हर यांनी 2006 साली मांडला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावंच लागतं, कारण रक्तस्रावात तेच औषध जीव घेईल. निवडक रुग्णांत तारेनं गुठळी ओढून काढता येते, काही वेळा 24 तासांपर्यंत. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो ‘शेवटचं धड कधी पाहिलं?’ हा. 108ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014पासून धावते आहे. 2024मध्ये हिंगोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. पहिल्या वर्षाची मुलं शरीररचनेच्या तासाला ही साल हातात घेतील, याचा मला फार आनंद आहे. त्यातली काही इथल्याच वाड्यातांड्यांवरची असावीत.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. आमच्याकडे माणूस घरी मराठी, बाजारात दखनी, तांड्यावर गोरमाटी बोलतो. निजामी राज्याचा हा वारसा. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे 648 रुग्ण तपासले आणि 2013 साली निष्कर्ष मांडले. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. निरक्षरांमध्येही हा फरक टिकून होता. एक भाषा तोंडी येताना दुसरी आवरून धरायची, हे ललाटखंडाचं रोजचं तालीमखान्याचं काम. जे ‘अडाणी’ म्हणून बाजूला बसवले गेले, त्यांच्या मेंदूनं ही तालीम आयुष्यभर केलेली आहे.

आबांची वाचा परत येणार नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो. ‘पाणी’सुद्धा म्हणता येत नव्हतं. नर्सी नामदेव आमच्यापासून लांब नाही, घरोघर भजनाची सवय. आषाढीच्या सुमारास ओसरीवर हरिपाठ चालू झाला आणि आबा त्यात गाऊ लागले. अडखळत नव्हे, ओळीच्या ओळी, चालीसकट. टाळ थांबले की पुन्हा मुके. मंडळींनी हात जोडले. मी नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की 1745 साली स्वीडनमध्ये ओलोफ डालीन यांनी असाच माणूस नोंदवून ठेवला आहे, बोलता न येणारा पण प्रार्थनागीतं म्हणणारा. सूर आणि वर्षानुवर्षं घोटलेले शब्द डाव्या सालीच्या त्या एका तुकड्यावर अवलंबून नसतात. उजवी बाजू त्यात मोठा वाटा उचलते. 1973 साली बोस्टनच्या डॉक्टरांनी यावरून उपचारच बसवला. नेहमीची वाक्यं सुरात म्हणवून घ्यायची, डाव्या हातानं ताल धरायला लावायचा, आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा.

आमच्या काकूनं असं काही वाचलेलं नव्हतं. तिनं आपल्या मनानंच अभंगाच्या चालीवर ‘पाणी द्या, चहा द्या’ बसवलं आणि रोज सकाळी ती आबांसमोर बसायची. दिवाळीच्या आधी एका दुपारी मी पडवीत होतो. आतून त्याच चालीत, जरा खरखरीत आवाजात आलं, ‘पाणी द्या.’ काकू हातातलं सूप तसंच टाकून तांब्या घेऊन धावली.